मामांच्या सळ्यांचा रिपोर्ट

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण माझ्या मामांचं आहे. ते सळ्या बांधतात. स्लॅब किंवा खांब ओतण्याआधी आत लोखंडी सळ्यांची जाळी उभी करावी लागते. त्या सळ्या कापायच्या, वाकवायच्या आणि बारीक तारेने गाठी मारून जागच्या जागी पक्क्या करायच्या, हे त्यांचं काम. आमच्याकडे अशा माणसाला फिटर म्हणतात. गवंड्याची भिंत लोक बघतात, सुताराच्या दारावर हात फिरवतात. फिटरचं काम मात्र काँक्रीट पडलं की कायमचं झाकलं जातं. ते चांगलं होतं की वाईट, हे पुष्कळ वर्षांनी कळतं, आणि बहुतेक वेळा वाईट असेल तरच कळतं.

माझे वडील डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे. आम्ही मुळगावात राहायचो. खाणी बंद पडल्या तेव्हा मी सातवीत होतो. वडील दुसऱ्याचे ट्रक घेऊन परराज्यात लांबच्या फेऱ्या मारू लागले आणि आई मला घेऊन आपल्या माहेरी आली, पेडण्यात, मोरजीच्या पुढे समुद्रालगतच्या वाड्यावर. घरात आईचे मोठे भाऊ एकटेच होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आम्ही दोन ट्रंका आणि माझं दप्तर घेऊन अंगणात उभे राहिलो तेव्हा ते आईला एवढंच म्हणाले, "बाय, ह्या जनेलाकडची खोली तुमची. थंय उजेड बरो येता, पोराक अभ्यासाक."

त्या खिडकीखाली बसून मी दहावी झालो, बारावी झालो आणि आमच्या दोन्ही घरांतला पहिला इंजिनीअर झालो.

मामांनी मला सायटीवर कधी नेलं नाही. सुट्टीतही नाही. पण त्यांच्या कामाचा एक भाग घरी चालायचा. सळई काँक्रीटच्या अगदी कडेला आली तर तिला हवा-पाणी लागतं, म्हणून साच्याची फळी आणि सळई यांच्यात ठरावीक अंतर ठेवावं लागतं. त्याला कव्हर म्हणतात. हे अंतर राखायला बरेच लोक सळईखाली जांभा दगडाची कपची किंवा कौलाचा तुकडा सरकवतात. मामांना ते पटत नसे. ते सिमेंट आणि वाळू कालवून स्वतः छोटे ठोकळे पाडत, तेही आमच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये. आई चिडायची.

"दादा, लोक ह्या ट्रेत सरबताचो बर्फ घालतत. तुमी सिमेंट घालतास."

"बर्फ वितळता गो. माझो ठोकळो वितळणा नाय."

ठोकळे दोन दिवस ट्रेमध्ये, मग आठवडाभर पाण्याच्या बालदीत. सगळे एका उंचीचे. मी ते हातात घेऊन बघायचो. पुढे कॉलेजात कव्हर या विषयावर एक अख्खा तास झाला. इंग्रजी माझं कच्चं होतं, मराठी शाळेतून आलेला मुलगा मी, अर्धं डोक्यावरून जायचं. त्या दिवशी मात्र सर बोलायच्या आधी मला पुढचं वाक्य कळत होतं.

कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी मामा माझ्याबरोबर आले होते, चतुर्थीला घालायचा पांढरा शर्ट घालून. खिडकीतल्या कारकुनाने पालकाचा व्यवसाय विचारला. मामा म्हणाले, "सळयो बांधतंय." कारकुनाने मान वर न करता लिहिलं, लेबर. मी शेजारी उभा होतो. "फिटर लिहा," एवढे दोन शब्द मला बोलता आले असते. मी बोललो नाही, मागे रांगेत माझ्या वयाची मुलं होती म्हणून. बसमध्ये मामा म्हणाले, "लेबर तर लेबर. काय चूक लिवल्यान? तू आता वर बघून चल म्हणजे झाला."

पास झाल्यावर मला धारगळला हायवेलगत एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली. आम्ही जुन्या इमारती आणि पूल तपासतो. ऑफिस आमच्या मॅडमचं. त्या स्वतः पंधरा-वीस वर्षं या कामात आहेत आणि त्यांच्या सहीशिवाय एकही कागद बाहेर जात नाही.

आमचं काम बरंचसं विजेवर चालतं. लोखंडाला सिमेंटच्या आत सहसा गंज लागत नाही, सिमेंटचा क्षार त्याला सांभाळतो. पण मीठ आत पोचलं की तो सांभाळ सुटतो आणि सळईच्याच अंगावर जणू लहानसा टॉर्चचा सेल तयार होतो. एका जागी लोखंड झिजतं, दुसऱ्या जागेपर्यंत अगदी बारीक वीज वाहते. ही वीज काँक्रीटमधून जाते. काँक्रीट कोरडं आणि घट्ट असेल तर ते विजेला अडवतं आणि गंजाची चाल मंद पडते. ओलं आणि खारट असेल तर वीज सहज निघून जाते आणि गंज धावत सुटतो. हा अडथळा मोजायला आमच्याकडे चार पायांचं यंत्र आहे. चारही टोकं ओल्या काँक्रीटवर टेकवायची. बाहेरच्या दोन टोकांतून थोडी वीज सोडायची, मधली दोन सांगतात की काँक्रीटने किती विरोध केला. ढोबळ मानाने आकडा विसाच्या वर आला तर आम्ही निश्चिंत असतो. दहाच्या खाली गेला की कपाळाला आठी पडते.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या वाड्याचं समाजगृह.

ते बांधलं तेव्हा मी आठवी-नववीत असेन. वाड्यातल्या लोकांनी पुढाकार घेऊन उभं केलेलं, खाली मोठा हॉल, वर सपाट गच्ची. गच्चीचा स्लॅब पश्चिमेला, दरवाजाच्या वर, पाचेक फूट पुढे आलेला. आतल्या सगळ्या सळ्या मामांनी बांधलेल्या. वाड्यावर कोणाचंही लग्न, बारसं, नाटकाची तालीम, सगळं तिथेच.

गेल्या वर्षी चतुर्थी आटोपल्यावर एका सकाळी त्या पुढे आलेल्या भागाच्या कडेचा मोठा तुकडा सुटून पायरीवर पडला. पाववाला पोदेर नुकताच सायकलवरून उंडे देऊन पुढे गेला होता. कोणाला लागलं नाही. पण कडेला उघड्या पडलेल्या सळ्या सगळ्यांनी बघितल्या. तपकिरी, फुगलेल्या, हाताने सोलावं तसे पापुद्रे सुटत होते.

दोन दिवसांत वाड्याने निकाल लावला. चहाच्या दुकानात मामा गेले तर एकाने कप खाली ठेवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "फिटर, तुमचा लोखांड बाहेर इला मरे. वारो खाऊक?"

दुसरा म्हणाला, "तारेच्या गाठी कमी पडल्यो आसतल्यो."

"नाय रे, तार घराक व्हेली. परसात मांडव घालूक."

हसले सगळे. मामांनी चहा तसाच ठेवला आणि घरी आले. मी हे आईकडून ऐकलं. त्यांनी स्वतः काही सांगितलं नाही. पुढच्या पंधरवड्यात दोन ठरलेली कामं दुसऱ्या फिटरकडे गेली. मग मामांनी कपड्यांची पिशवी भरली आणि वेंगुर्ल्याच्या बाजूला एका बांधकामावर निघून गेले, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. साठीच्या जवळ आलेला माणूस, पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागला.

समाजगृहाच्या समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळा वाडा भाई म्हणतो, त्यांचं मत इमारत पाडून नवी बांधावी असं होतं. पण पाडायच्या आधी एकदा तपासून घ्या, असं कोणीतरी सुचवलं, आणि जवळचं ऑफिस आमचं.

मी मॅडमना लगेच सांगितलं की त्या सळ्या माझ्या मामांनी बांधल्या आहेत, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "समितीला हे नातं आधी तोंडाने सांग, मग लेखी दे. आकडे तू घे, पण प्रत्येक आकड्याच्या वेळी मी शेजारी असेन. रिपोर्टवर सही माझी. चालेल त्यांना?"

भाईंना चाललं. म्हणाले, "घरचोच डॉक्टर. पण इंजेक्शन मॅडम देतली मां?"

रविवारी मी वेंगुर्ल्याला जाऊन मामांना भेटलो. ते शेडबाहेर तारेच्या वेटोळ्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या मशिनीक आतला दिसता?"

"दिसत नाही, मामा. अंदाज येतो. कव्हर किती ठेवलंय ते मात्र मोजता येतं."

"मगे मोज. आणि जा येतला ताच लिव. मामा म्हणान एक ओळ हिकडची थंय करू नको." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि फोनार सांगा नको. फोनावरचा उडान जाता. कागदार लिवन धाड."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याच मनात शंका होती. तुटलेली कड मी पाहिली होती. माझं शिक्षण म्हणत होतं की इतका गंज उगाच येत नाही. एक तर कव्हर कमी असेल, नाहीतर काँक्रीटमध्ये खाडीची वाळू गेली असेल. वाळू हा फिटरचा विषय नव्हे, पण कव्हर त्याचाच.

दिवाळीनंतर आम्ही तपासणीला सुरुवात केली. गच्चीवर दोरी आणि खडूने चौकटी आखल्या, प्रत्येकीला नंबर दिला. वीज वाहायला पृष्ठभाग ओला लागतो, म्हणून मी समाजगृहाच्या विहिरीचं पाणी काढून सगळी गच्ची भिजवली. खाली बायका-माणसं जमली होती.

"काय करतत रे?"

"स्लॅबाचो इसीजी काढतत."

"मगे त्येका आधी चहा तरी घालात. घाबरलो आसतलो."

आकडे घ्यायला लागलो. आठ. सात. साडेसहा. नऊ. गच्चीच्या मधोमध घेतला, सात. मागच्या कोपऱ्यात, जिथे भेगेचा मागमूस नव्हता, तिथेही आठ. सगळा स्लॅब वाईट. भाईंचं मत बरोबर, पाडायलाच हवी. मी आकडे लिहीत राहिलो. एकही बदलला नाही.

मॅडम वही बघत होत्या. त्या म्हणाल्या, "इतके सारखे आकडे? जुना स्लॅब असा एकसारखा आजारी पडत नाही. पाणी कुठलं वापरलंस?"

"इथल्याच विहिरीचं."

त्यांनी बालदीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू चव घेतली होतीस?"

मी घेतली नव्हती. ती विहीर खाडीच्या अंगाला आहे. तिचं पाणी बारा महिने मचूळ. वाड्यावर सगळे त्याच पाण्याने आंघोळ करतात, भांडी घासतात, मीही सातवीपासून त्याच पाण्यात वाढलो. आम्हाला ते खारट लागतच नाही. मी स्वतःच मिठाचं पाणी ओतून वरचा थर खारट केला होता आणि यंत्राने बिचाऱ्याने तेच मोजून दाखवलं होतं. बाहेरून आलेल्या माणसाने अशी चूक केली नसती, त्याने पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलं असतं. मॅडम रागावल्या नाहीत. "लिहून ठेव," म्हणाल्या. "चूक पण रिपोर्टातच जाते." आम्ही नळाच्या पाण्याने गच्ची दोनदा धुतली आणि दहा दिवस वाट बघितली.

ते दहा दिवस मला परीक्षेच्या निकालापेक्षा जड गेले.

दुसऱ्या खेपेला पाण्याचे कॅन धारगळहून गाडीत घालून आणले. आधी कव्हर मोजलं. त्यासाठी वेगळं यंत्र असतं, लोखंड किती खोल आहे ते वरूनच सांगणारं. चौकटीमागून चौकट पुढे गेलो. सगळीकडे कव्हर जेवढं हवं तेवढं, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा फरक. मॅडम सहसा कौतुक करत नाहीत. पन्नासाव्या चौकटीला त्या थांबल्या. "हे कोणी केलंय? मोठ्या पुलांच्या कामावर सुद्धा असं सरळ मिळत नाही."

मला बर्फाचा ट्रे आठवला. मी म्हटलं, "माझ्या मामांनी."

ते म्हणताना मी पाठ ताठ करून उभा होतो, एवढं मला आठवतं.

नंतर एक जागा मात्र निघाली. जिन्याला लागून चार फूट लांबीत कव्हर निम्म्यापेक्षा कमी. तिथे सळ्या वर उचलल्या गेल्या होत्या, नाहीतर काँक्रीटचा थर पातळ पडला होता. मी ते लिहिलं. हात थांबला नाही असं म्हणणार नाही, पण लिहिलं.

मग चार पायांचं यंत्र. या वेळी आकडे वेगळे बोलू लागले. पंचवीस, तीस, अठ्ठावीस. मागचा सगळा भाग निरोगी. जिन्याजवळच्या त्या कमी कव्हरच्या जागीही सव्वीस, काँक्रीट कोरडं, त्यामुळे गंज अजून लांब. पण पश्चिमेकडे सरकलो तसे आकडे उतरले. नऊ. सहा. मग अचानक एक हातभर रुंदीत बावीस. मग परत सात. कमी आलेल्या चौकटींत मी लाल खडूने खुणा करत गेलो. दुपारपर्यंत गच्चीवर लांबट लाल पट्टे उमटले, शेतातल्या वाफ्यांसारखे, आणि पट्ट्यांच्या मधून स्वच्छ वाटा. शेवटी, पुढे आलेल्या भागाची कड पूर्ण लाल.

आम्ही दोघं खाली बसून बघत राहिलो. सळ्यांच्या रेषांशी पट्टे जुळत नव्हते. पाण्याची टाकी तिकडे नव्हती. मॅडम म्हणाल्या, "असं चित्र मी आजपर्यंत बघितलं नाही."

तेवढ्यात आई चहाची किटली घेऊन जिना चढून आली. तिने लाल खुणांकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "हां! आमच्या पुरुमेंताच्यो जागो कित्याक रंगवल्यात?"

पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. पावसाआधी आमच्याकडे घरोघर सुकी मासळी, आमसुलं, आंब्या-फणसाची साठं, सगळं करून ठेवतात. वाड्यावरच्या बायका एप्रिल-मे महिन्यात ते गच्चीवर वाळवतात. पश्चिमेच्या अंगाला ऊन संध्याकाळपर्यंत राहतं, कुत्री वर येत नाहीत, वाळू उडत नाही. प्रत्येक घराची जागा ठरलेली, वर्षानुवर्षं तीच. मी ते दर उन्हाळ्यात बघितलं होतं, पण या पट्ट्यांशी जोडलं नव्हतं. मीठ लावलेले बांगडे, खारवलेली सुंगटं म्हणजे कोळंबी आणि मिठाच्या रसात बुडवून बुडवून वाळवलेली आमसुलं. आई किटली हातात घेऊनच लाल पट्ट्यांवरून चालत गेली. "ही भाईंच्या घराची. ही त्यांच्या भावजयीची. ही मधली वाट, हयसून आमी बांगडे परतूक जातो. ही चौथी माझी." ती चौथ्या पट्ट्यावर उभी राहिली.

मी यंत्रावरचा आकडा पाहिला. त्या चौकटीत सहा होता.

मॅडमनी विचारलं, "ताई, खारट पाणी कुठे जायचं?"

"कडेक. उतार थंयच आसा मां. थंयसून थेंब थेंब खाली."

बोलता बोलता ती थांबली. किटली खाली ठेवली. "म्हणजे... आमीच?"

मॅडमनी वहीत उताराची दिशा लिहून घेतली.

अंदाजावर रिपोर्ट लिहिता येत नाही. आम्ही काही जागी भोकं पाडून काँक्रीटची पूड खोलीनुसार वेगवेगळी गोळा केली आणि प्रयोगशाळेत पाठवली. वाळूतच मीठ असतं तर ते वरपासून खालपर्यंत सारखं मिळालं असतं. निकाल आला तो असा: वरच्या थरात मीठ भरपूर, खाली जावं तसं कमी कमी. मागच्या निरोगी भागात जवळजवळ नाहीच. मीठ वरून आलं होतं, वर्षानुवर्षं. पुढे आलेल्या भागात मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात, त्यामुळे तिथे ते आधी पोचलं. मामांनी ठेवलेल्या कव्हरमुळेच इतकी वर्षं निभावलं. कौलाच्या कपच्या घातल्या असत्या तर सळ्या वरखाली झाल्या असत्या आणि ती कड कितीतरी आधी पडली असती.

समितीची बैठक त्याच हॉलमध्ये झाली. मॅडमनी रिपोर्ट ठेवला, मी मराठीत समजावून सांगितला. विहिरीच्या पाण्याची माझी चूकही सांगितली. त्यावर मागून आवाज आला, "इंजिनेराक मीठ लागना नाय, आणि आमच्या कालवणाक नाव ठेयता!" हशा पिकला. मग मी पट्ट्यांचा नकाशा दाखवला. बायकांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे आता आमच्या बांगड्यांक फाशी?"

तेव्हा आई उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती सभेत बोलत होती. "बांगड्यांक नको. पण फिटराक दिल्यात ती शिक्षा मागे घेवा. मीठ आमचा होता. चौथी जागा माझी होती." एवढं बोलून ती बसली.

चहाच्या दुकानात तार घरी नेली म्हणणारा माणूस पुढच्या रांगेत होता. तो खाली बघत होता. भाई बराच वेळ रिपोर्टची पानं उलटत राहिले, इंग्रजी त्यांनाही फारसं येत नाही. शेवटी म्हणाले, "पाडूक नको तर. खराब भाग काढून नवो करूया. आणि सळयो?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सळयो त्येंकाच बांधूक सांगूया. पण विचारतलो कोण? आमका तोंड नाय."

विचारायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन केला नाही. रिपोर्टची प्रत आणि पुढचं पत्र एका पाकिटात घालून वेंगुर्ल्याला पाठवलं.

मामा, नमस्कार.

सोबत रिपोर्ट आहे. तो इंग्रजीत आहे, म्हणून त्यात काय लिहिलंय ते इथे मराठीत सांगतो. एक ओळही कमी-जास्त केलेली नाही. पटत नसेल तर तिथल्या सायटीवरच्या इंजिनीअरकडून वाचून घ्या.

पान तीन. तुम्ही बांधलेल्या सळ्यांचं कव्हर मोजलं. एक जागा सोडून सगळीकडे बरोबर आहे. मॅडमनी त्या पानावर 'उत्कृष्ट' हा शब्द लिहिला आहे. त्यांच्या रिपोर्टांत मी तो याआधी पाहिला नव्हता.

पान पाच. ती एक जागा. जिन्याला लागून चार फुटांत कव्हर कमी आहे. सळ्या वर उचलल्या गेल्या असतील किंवा ओतताना थर पातळ पडला असेल. का झालं ते मला माहीत नाही, पण झालंय, म्हणून लिहिलं. तिथे अजून गंज नाही. वरून थर देऊन ते नीट करता येईल.

पान सात. कड का पडली. मीठ वरून आलं. गच्चीवरच्या पुरुमेंताचं. वाळूचं नाही, तारेचं नाही, तुमचं नाही. नकाशा लावला आहे. लाल पट्टे म्हणजे एकेका घराची जागा. चौथा पट्टा आईचा. तिने ते सभेत उभं राहून सांगितलं. घरी आल्यावर म्हणाली, दादाला लिही.

आता रिपोर्टात नसलेलं. तुटलेली कड पाहिली तेव्हा माझ्या मनात आलं होतं की तुमच्याकडून कमी पडलं असेल. तुमच्यासमोर बसलो होतो त्या रविवारीही ते मनात होतं. हे तुम्हाला कळायला हवं असं मला वाटलं. ती शंका कोणा दुसऱ्याने नाही, तुम्हीच लावलेल्या सळ्यांनी दूर केली.

माझ्या नावापुढे आज इंजिनीअर लागतं. समाजगृहाच्या रिपोर्टात 'सळ्या बांधणी' असा एक रकाना आहे. तिथे मी तुमचं नाव लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं, फिटर. मॅडमनी खाली सही केली.

समितीने ठरवलंय की पुढे आलेला भाग काढून नवा करायचा आणि सळ्या तुम्हीच बांधायच्या. भाई म्हणाले, आमका तोंड नाय, म्हणून मी विचारतोय. तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. झालेलं बोलणं तुम्ही ऐकलंय, मी नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी समितीला तसं सांगेन आणि का म्हणून विचारणार नाही. रिपोर्ट आहे तसाच राहील.

वाळवण या वर्षीपासून समाजगृहामागच्या मोकळ्या जागेत, बांबूच्या माच्यांवर होणार आहे. बायकांनी आपसात जागा वाटून घेतल्या. आईने शेवटची मागितली.

नव्या सळ्या आणायच्या आहेत. कोणत्या मापाच्या आणि किती, ते मॅडमनी काढलंय, पण त्या म्हणाल्या की बांधणाऱ्याला एकदा दाखवून घे. तो कागद मी पाठवत नाही. तुम्ही येणार असाल तर समोरासमोर बघू. कोणत्या दिवशी ते कळवा, मी वेंगुर्ल्याच्या स्टँडवर गाडी घेऊन येतो.

तुमचा भाचा